तारुसिनचं दार

प्रदर्शन सुरू झालं, रियाधमधले निम्मे मराठी लोक ते बघून, फोटो काढून आले, आणि त्यातल्या तिघाचौघांनी मला विचारलं, "मीनाक्षीताई, तुमचं ते रशियन चित्र कुठे दिसलं नाही?" म्हटलं, दिसणार नाही. ते माझ्या घरी आहे, प्लॅस्टिकमध्ये. का आहे ते एकदा लिहूनच टाकते, म्हणजे प्रत्येकाला वेगळं सांगायला नको आणि दर वेळी माझं डोकं तापायला नको. तसं ते तापणारच आहे, ती गोष्ट निराळी.

ग्लेब तारुसिन हा मॉस्कोतला कवी. सरकारला आवडतील अशा कविता त्याला लिहिता येत नव्हत्या, म्हणून त्याची एकही कविता कुठे छापून आली नाही. मित्रमंडळी टाइपरायटरला कार्बन लावून प्रती काढायची आणि एकमेकांना वाचायला द्यायची. मग एके दिवशी घरी माणसं आली आणि टाइपरायटर उचलून घेऊन गेली. त्यानंतर तारुसिननं कविता बंद केली आणि चित्रं काढायला घेतली. तो म्हणायचा, शब्द छापायचे तर कुणाची तरी परवानगी लागते, दार काढायला लागत नाही.

कारण तो दारंच काढायचा. मॉस्कोत तेव्हा एकेका फ्लॅटमध्ये चारपाच कुटुंबं राहायची, दार मात्र सगळ्यांचं एक. त्या दारावर प्रत्येकाच्या नावाची पाटी आणि शेजारी सूचना असायची: अमक्यासाठी एकदा बेल वाजवा, तमक्यासाठी दोनदा. तारुसिन असं एक दार काळ्या शाईनं काढायचा, त्यावर पाट्या काढायचा, आणि त्या पाट्यांवर त्याच्या न छापलेल्या कविता येऊन बसायच्या. एकेका ओळीच्या. चित्रकलेचा चांगला कागद फक्त सरकारी संघटनेच्या चित्रकारांना मिळायचा, त्यामुळे हा खाटकाकडे मटण बांधून देतात तसल्या जाड तांबूस कागदावर काढायचा.

मी पुण्यात रशियन शिकले आणि शिष्यवृत्तीवर मॉस्कोला गेले, ते साल एकोणनव्वद. आमच्या एक बाई मला त्याच्या स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. तोपर्यंत वारं बदललं होतं, मासिकं आपणहून त्याच्याकडे कविता मागत होती आणि हा त्यांना सांगत होता की आता वेळ नाही, दारं काढतोय. मी पुढे वर्षभर दर आठवड्याला तिथे जायची. त्याच्या ओळी मराठीत करायची आणि त्याला मराठीतून वाचून दाखवायची. त्याला एक अक्षर कळायचं नाही, पण तो डोळे मिटून ऐकायचा आणि कुठे अडखळलं की बरोबर म्हणायचा, इथे तुला शब्द सापडलेला नाही.

निघायच्या आधी त्यानं मला एक दार दिलं. त्याच्या प्रत्येक दारावर खाली एक पाटी कोरी असायची. जो येईल त्याच्यासाठी, असं तो म्हणायचा. बहुतेक लोक लाजायचे, तो कोरा चौकोन तसाच राहायचा. मला त्यानं विचारलं, तुझ्यासाठी किती वेळा वाजवायचं? मी म्हटलं, आमच्या मिरजेच्या घराला बेल नाहीच, दिवसभर दार उघडं असतं, येणारा हाक मारत आत येतो. तो इतका खूश झाला की काही विचारू नका. म्हणाला, लिही, तुझ्याच भाषेत लिही. माझ्याकडे निळं बॉलपेन होतं. मी लिहिलं: 'मीनाक्षी. बेल नाही. दार उघडंच आहे.'

हे इतकं सविस्तर अशासाठी सांगितलं, की पुढे ज्या माणसानं त्या ओळीला डाग म्हटलं त्याच्याबद्दल मी काय बोलते ते तुम्हाला कळावं.

परत आले, लग्न झालं, आणि विवेकच्या बँकेच्या नोकरीबरोबर रियाधला आले. इकाम्यावर, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्यावर, मी विवेकची बायको, आणि काम करायची परवानगी नाही. सुरुवातीला भाषांतरं करत होते. कुणाला दाखवायची, कुठे पाठवायची, काही ठरेना, आणि निवेदिता झाल्यावर तेही मागे पडलं. कुणी मागे पाडलं असं मी म्हणत नाही, पडलं. ते दार मी दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून कपाटात वरच्या खणात ठेवलं. घरं बदलली की ते माझ्या हातातून नव्या घरी जायचं, सामानाच्या ट्रकमधून नाही. तारुसिन गेल्याचं मला पुष्कळ उशिरा इंटरनेटवर कळलं. तोवर त्याची दारं परदेशातल्या संग्रहालयांत जाऊन लागली होती.

गेल्या हिवाळ्यात इथल्या एका खाजगी कलासंस्थेनं जाहीर केलं की तारुसिनच्या काळातल्या, छापून न आलेल्या रशियन कवींच्या चित्रांचं प्रदर्शन करणार आहेत, आणि यादीत तारुसिनचं नाव. रियाधमध्ये! जिथे मी पहिली कित्येक वर्षं ड्रायव्हर मिळाल्याशिवाय घराबाहेर पडू शकत नव्हते, तिथे तारुसिन लागणार. मी त्यांना ईमेल लिहिलं. माझ्याकडे एक दार आहे, त्यानं स्वतः दिलेलं, आणि त्यावर एक पाटी माझी आहे, असं सगळं लिहिलं. अफनान नावाच्या तिथल्या मुलीचं लगेच उत्तर आलं. सौदी मुलगी, निवेदितापेक्षाही लहान असेल, अगदी हरखून गेली होती. लंडनहून आमचे सल्लागार आले आहेत, त्यांना मूळ चित्र दाखवायला आणा, आणि उद्घाटनाच्या दिवशी तुम्ही त्याच्याबद्दल बोलाल का, असं तिनं विचारलं होतं.

मी बोलणार होते. तारुसिनबद्दल, माणसांसमोर उभी राहून, माझ्या नावानं. माझं वय सत्तावन्न आहे आणि मला हे किती हवं होतं ते सांगायची लाज वाटत नाही. मी जुनी भाषांतरांची वही काढली, आरशासमोर उभी राहून बोलून बघितलं, निवेदिताला टोरँटोला फोन करून कोणती साडी नेसू ते विचारलं. ती म्हणाली, "आई, यू आर ग्लोइंग." हो, होते मी.

आणि भेटीच्या आदल्या दिवशी मी दुपारी सुपरमार्केटमधून घरी आले तर विवेक दारातच उभा. चेहऱ्यावर असं समाधान, की मला वाटलं निवेदिताकडे काही गोड बातमी आहे. "डोळे मीट," म्हणाला. मी मिटले. उघडले तर समोर तारुसिनचं दार, चकचकीत. त्यानं ते लॅमिनेट करून आणलं होतं.

हे वाचून ज्यांना हसू येतंय त्यांनी आपापल्या घरातली फाइल उघडून बघावी. गल्फमध्ये राहिलेला आपला माणूस काय लॅमिनेट करत नाही? इकाम्याची झेरॉक्स, मुलांचे शाळेतले निकाल, लसीकरणाचं कार्ड, गावाकडच्या सातबाऱ्याचा उतारा, आणि आमच्या ओळखीच्या एकांनी तर लग्नाची पत्रिका. कागद मोलाचा आहे असं वाटलं की त्याला प्लॅस्टिकमध्ये घालायचं, हे आमच्यात इतकं पक्कं बसलंय की त्यापुढे विचारच होत नाही. आणि हे कुणी करावं? ज्या माणसाची स्वतःची पदवी त्याच्या वडिलांनी कौतुकानं लॅमिनेट करून ठेवली होती, आणि नोकरीसाठी ती साक्षांकित करायला नेली तेव्हा प्लॅस्टिकवर शिक्का उठत नाही म्हणून खिडकीवरून परत पाठवली होती, त्यानं. दुसरी प्रत मिळेपर्यंत त्याची ही नोकरी हातची जायची वेळ आली होती. तोच विवेक, तेच प्लॅस्टिक.

मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. जे आठवतं ते वाईट आहे आणि ते मी मागे घेत नाही. विवेकची पद्धत अशी की मी चिडले की तो 'जाऊ दे' म्हणतो. त्या दिवशीही म्हणाला, आणि वर म्हणाला, "आता तरी ते सुरक्षित राहील." मी चित्र उचललं, गाडीची किल्ली घेतली आणि थेट बत्ह्याला गेले.

बत्ह्यात, म्हणजे रियाधच्या जुन्या बाजारात, ताजुद्दीनचं दुकान आहे. टायपिंग, झेरॉक्स, पासपोर्टचे फोटो, व्हिसाचे अर्ज. माणूस श्रीवर्धनकडचा, विवेकची सगळी कागदपत्रं वर्षानुवर्षं त्याच्याकडे होतात. मला बघून तो काउंटरच्या बाहेर आला. त्याला वाटलं मी कौतुक करायला आले.

"बघा वैनी, एक तरी फोड आलीय का? साहेबांनी सांगितलानी, सगल्यात भारी प्लॅस्टिक लाव."

मी म्हटलं, काढ ते. तो बघतच राहिला. काढायला गेलं तर कागदही सोलून येईल म्हणाला, आणि माझा चेहरा बघून त्याचाही उतरला. मग त्याला काहीतरी सांगायचं होतं. "वैनी, मी साहेबांना वाचून दाखवला तेव्हा साहेब..." एवढंच तो बोलला. मी ऐकून घेतलं नाही. ज्याला त्याला मला काहीतरी समजावून सांगायचं असतं, आणि त्या दिवशी मला कुणाचंच ऐकायचं नव्हतं. दुकानातल्या लोकांसमोर मी त्याला म्हटलं की यंत्र हाताशी आहे म्हणून दिसेल तो कागद आत सारायचा नसतो. तो बिचारा हो म्हणाला.

रात्री आम्ही दोघं बोललो नाही. सकाळी विवेकनं बँकेतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि गाडी काढली. मी नको म्हटलं नाही, कारण ते चित्र मांडीवर घेऊन मला गाडी चालवता आली नसती.

ती संस्था एका मोठ्या व्हिलात आहे. पांढऱ्या भिंती, एसी इतका की दात वाजावेत. अफनाननं कहवा आणि खजूर पुढे केले, मला मिठी मारली. सल्लागार म्हणजे एक उंच, सावकाश बोलणारे गृहस्थ. मी चित्र टेबलावर ठेवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हे कुणी केलं?"

"मी," विवेक म्हणाला.

सल्लागार हसले नाहीत, रागावलेही नाहीत. ते म्हणाले, युरोपात त्यांच्या ओळखीची एक तज्ज्ञ बाई आहे, ती विशिष्ट द्रावणानं असलं प्लॅस्टिक कागदापासून सोडवते. काळी शाई पक्की दिसतेय, तिला धक्का लागणार नाही. वेळ लागेल, पण प्रदर्शनाच्या आत होईल आणि सगळं संस्था बघेल. मला रडूच यायला लागलं. मी विवेककडे बघितलं, म्हणजे त्यालाही कळावं की तो वाचला. आणि तेवढ्यात ते गृहस्थ पुढे म्हणाले की त्याच कामात खालचा निळा डागही निघून जाईल.

मला वाटलं माझं इंग्रजी चुकतंय. कुठला डाग? त्यांनी पेन्सिलच्या टोकानं दाखवलं. माझी ओळ.

मी शांतपणे सांगितलं. खरंच शांतपणे सांगितलं, विवेक साक्षीला आहे. म्हटलं, हा डाग नाही, हे मराठी आहे, हे माझं अक्षर आहे आणि चित्रकारानं सांगितलं म्हणून मी ते लिहिलंय. माझ्या ईमेलमध्येही हे आहे. ते म्हणाले, हो, ते वाचलं. पण संग्रहालयांमध्ये तारुसिनची जी दारं आहेत त्यांच्यावर खालची पाटी कोरी आहे. तो कोरेपणा हाच त्या मालिकेचा अर्थ आहे, त्यावर मोठमोठे लेख आहेत. तेव्हा ही ओळ म्हणजे नंतर कुणीतरी केलेली भर, तीही बॉलपेननं, आणि चित्रकाराच्या मूळ हेतूत ढवळाढवळ करणारी.

मी म्हटलं, कोरी आहे कारण तिथे कुणी लिहिलं नाही. लोक लाजायचे. तो प्रत्येकाला पेन पुढे करायचा.

"रंजक सिद्धांत आहे," ते म्हणाले.

सिद्धांत! मी त्या स्वयंपाकघरात बसून चहा प्यायलेय. त्याच्या बायकोनं केलेलं कोबीचं लोणचं खाल्लंय. त्यांनी विचारलं, काही पुरावा आहे का? त्या वेळचा फोटो, त्याचं पत्र, कुणी साक्षीदार? म्हटलं, मी आहे ना, समोर बसलेय. ते हसले. असं हसले, जसं बँकेत पासबुकाशिवाय आलेल्या म्हातारीकडे बघून हसतात. म्हणाले, आमच्या क्षेत्रात माणसाची आठवण पुरेशी धरत नाहीत.

मग मी त्यांना म्हटलं की सगळ्यात वरच्या पाटीवर काय लिहिलंय तेवढं मला वाचून दाखवा. त्यांना रशियन येत नव्हतं. त्याची त्यांना लाजही नव्हती, म्हणाले की दृश्यकलेत मजकूर हा आकार म्हणून बघायचा असतो, आणि मजकुराची नोंद माहितीपुस्तिकेत आहेच. अफनाननं ती पुस्तिका माझ्यापुढे सरकवली. तारुसिनच्या दाराखाली छापलं होतं: 'पाट्यांवर रहिवाशांची नावे.' बस. एक माणूस अर्धं आयुष्य कविता छापून यायची वाट बघतो, शेवटी दाराच्या पाट्यांवर लपवून लिहितो, आणि त्याच्या मरणानंतर हे लोक सन्मानानं त्याला भिंतीवर लावतात आणि खाली लिहितात, नावे. टाइपरायटर उचलून नेणाऱ्यांनी निदान त्याचं वाचलं तरी होतं.

हे मी त्यांना तोंडावर म्हटलं. अफनान खाली बघत होती. मग त्या सल्लागारांनी अगदी सौम्य आवाजात सांगितलं की माझ्या भावना त्यांना समजतात, निर्णय आम्हा दोघांचा आहे, पण ती ओळ राहिली तर चित्र प्रदर्शनात घेता येणार नाही. ओळ निघाली तर घेतील, आणि खाली कृतज्ञतापूर्वक लिहितील: विवेक घाणेकर यांच्या संग्रहातून. विम्याचे कागद मुख्य इकामाधारकाच्या नावानं असतात, म्हणून.

मी अफनानकडे बघितलं. तिनं मला पत्र लिहिलं होतं, तिनं मला बोलायला बोलावलं होतं. ती सल्लागारांकडे बघत होती.

खरं सांगते, त्या क्षणी मी डळमळले. ओळ पुसली तर दार लागेल, तारुसिन लागेल, कदाचित मला दोन शब्द बोलूही देतील. नाही तर परत कपाटात, आणि मग पुढे कोण बघतंय? मी आहे तोवर ते राहील, माझ्यानंतर निवेदिता त्याचं काय करेल कुणास ठाऊक. आणि मला पक्कं माहीत होतं की आता विवेक म्हणणार, जाऊ दे, कशाला वाद, करून टाकू या. एवढ्या वर्षांत त्यानं कुठल्याही गोऱ्या माणसापुढे, कुठल्याही साहेबापुढे, कुठल्याही खिडकीपुढे दुसरं काही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

तो खाकरला. त्यानं विचारलं, "ती ओळ काढल्यावर तिथे काय राहील?"

"कोरा कागद," सल्लागार म्हणाले.

विवेकनं चित्र उचललं, त्याच्या बँकेच्या बॅगेत नीट सरकवलं आणि चेन लावली. "मग नाही," तो म्हणाला. आणि उठून उभा राहिला.

अफनान आम्हाला सोडायला बाहेरपर्यंत आली. माझा हात धरून हळूच सॉरी म्हणाली. मी तिला म्हटलं, "सॉरी मला नको म्हणूस. आत बोलायला हवं होतंस." तिचे डोळे भरून आले. मला वाईट वाटलं, पण शब्द परत घ्यावेसे वाटले नाहीत. अजूनही वाटत नाहीत.

गाडीत बसल्यावर माझा सगळा राग आधी जो हाताशी होता त्याच्यावर निघाला. म्हटलं, तू ते प्लॅस्टिक लावलं नसतंस तर तो माणूस द्रावण न् सोडवणं हा विषयच काढू शकला नसता. विवेक सिग्नलला थांबला होता. समोर बघत म्हणाला, "ती ओळ टिकावी म्हणून तर लावलं."

मी विचारलं, कुठली ओळ?

मग त्यानं सांगितलं. तो तिथे झेरॉक्स काढायला गेला होता. प्रवासात, हाताळताना काही झालं तर एक प्रत असावी, एवढाच विचार. ताजुद्दीननं कागद काचेवर ठेवण्याआधी बघितला, आणि खालची ओळ मोठ्यानं वाचली. गावाकडे मराठी शाळेत शिकलेला माणूस, समोर मराठी दिसल्यावर वाचणारच. वाचून त्यानं विचारलं, साहेब, हे वैनींनी लिवलंनी काय? विवेकनं कागद हातात घेऊन बघितलं. माझं अक्षर. बॉलपेन कडेकडेनं फिकट होत चाललेलं. त्याला दुकानांच्या पावत्या आठवल्या, कपाटात ठेवल्या ठेवल्या कोऱ्या होतात त्या. तो ताजुद्दीनला म्हणाला, सगळ्यात भारी प्लॅस्टिक लाव.

"बाकीचं रशियन मला कुठे वाचता येतं," तो म्हणाला. "ते टिकलं काय, गेलं काय. तुझं जायला नको म्हणून केलं. चुकलं, कळतंय मला. पण त्यासाठी केलं."

इथे मी विरघळायला हवं होतं. गोष्टींमध्ये बायका विरघळतात. मी मात्र त्याच्या तोंडाकडे बघत होते आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट येत होती. हा कागद आमच्या लग्नाइतकी वर्षं आमच्या कपाटात आहे. तीन घरं बदलली. प्रत्येक वेळी मी तो हातात धरून नेला आणि हा शेजारी गाडी चालवत होता. त्यावर शुद्ध मराठीत, त्याला येणाऱ्या भाषेत, एक ओळ होती, आणि ती त्याला बत्ह्यातल्या झेरॉक्सवाल्यानं वाचून दाखवायला लागली.

"इतक्या वर्षांत तू एकदाही बघितलं नाहीस?" मी विचारलं.

सिग्नल सुटला, त्यानं गाडी पुढे काढली. मग म्हणाला, "मला वाटलं, ते तुझं आहे. तुझ्या मॉस्कोचं. आपण कशाला हात लावा."

त्या सल्लागाराचा राग मला कुणाशी तरी भांडून, दोन पत्रं लिहून उतरवता येईल. पत्रं मी लिहिलीही आहेत. पण हे ऐकून जे झालं त्याला मला नीट शब्द सापडेना. म्हणजे एवढी वर्षं मी समजत होते की ह्याला कशाचं काही पडलेलं नाही, आणि हा समजत होता की आपल्याला आत यायची परवानगी नाही. दोघंही आपापल्या ठिकाणी सभ्यपणे गप्प. कुणी मना केलं होतं? कुठल्या सरकारनं? माझी भाषांतरं बंद पडली, वही माळ्यावर गेली, आणि जो एकमेव माणूस रोज संध्याकाळी माझ्या समोर बसून जेवत होता तो केवळ शिष्टाचार म्हणून विचारत नव्हता. असल्या शिष्टाचाराला काय म्हणावं?

"गाडी बाजूला घे," मी म्हटलं.

"इथे?"

"इथेच. तो पेट्रोलपंप आहे ना, तिथे."

त्यानं घेतली. हवा भरायच्या नळापाशी, कडेला. मी मागच्या सीटवरून त्याची बॅग ओढली, दार बाहेर काढलं आणि स्टिअरिंगला टेकवून त्याच्यासमोर धरलं. प्लॅस्टिकवर ऊन चमकत होतं, ते मी तिरकं केलं. म्हटलं, ही सगळ्यात वरची पाटी. वोल्कोवा, एक लांब बेल: ती वारली आहे, तरी वाजवा, तिला बरं वाटेल. ही त्याखालची. इंजिनियर साहेब, दोन: घरी असतील, नाहीत म्हणून स्वतःच सांगतील. हे लहान मुलाचं: हात पुरत नाही, म्हणून लाथ मारतो. हे तारुसिनचं स्वतःचं: वाजवू नका, ते आधीच येऊन गेले.

विवेकनं विचारलं, "ते म्हणजे कोण?"

मी त्याला टाइपरायटरचं सांगितलं. तो ऐकत होता. मागून एकानं हवा भरायची म्हणून हॉर्न वाजवला, तेव्हा विवेकनं काच खाली करून त्याला हातानंच थांबायला सांगितलं आणि म्हणाला, "पुढची."

मी पुढची वाचली. आवाज चढलेलाच होता माझा, आणि मी तो उतरवला नाही.